न घडलेल्या यंत्राचा निर्माता

संगणकाची एखादी भाषा थोडीफार हाताखाली आली की हौशी प्रोग्रामर सुट्टीच्या दिवशी काय तयार करायला बसतो, याचे उत्तर बऱ्याचदा ठरलेले असते. त्याला स्वतःची टिपणवही बनवायची असते. बाजारात तयार अ‍ॅप कमी आहेत असे नाही. फुकट मिळणारी आहेत, पैसे मोजून घेण्याची आहेत. तरीही यातले एकही आपल्या डोक्यासारखे चालत नाही, अशी त्याची तक्रार असते. मग दोन-चार रविवार खर्ची पडतात, एक साधा पडदा तयार होतो, त्यात लिहिता येते, शोधता येते आणि एका टिपणावरून दुसऱ्या टिपणावर उडी मारता येते. ते अ‍ॅप पुढे जगात कोणीही वापरत नाही. वापरतो तो एकटा निर्माता. त्याची त्याबद्दल काही तक्रारही नसते.

या हौशी मंडळींना ठाऊक असो वा नसो, त्यांच्या या खटाटोपाचा एक पूर्वज आहे. गंमत अशी, की त्याने आयुष्यात संगणकाचा एकही प्रोग्राम लिहिला म्हणून तो ओळखला जात नाही. ज्या यंत्रामुळे त्याचे नाव आज घेतले जाते, ते यंत्रही त्याने कधी बनवले नाही. ते फक्त कागदावर मांडले. त्या माणसाचे नाव व्हॅनीवर बुश. अमेरिकेला दोन अध्यक्ष देणाऱ्या बुश घराण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या साऱ्या वैज्ञानिक संशोधनाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते हे बुश. हजारो शास्त्रज्ञांची फौज चालवणाऱ्या या माणसाने स्वप्न पाहिले ते मात्र एका माणसाच्या, एका टेबलाचे. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर त्यांच्या आयुष्याकडे थोडे मागून पाहायला हवे.

गवत कापण्याच्या यंत्रासारखे काहीतरी

बुश यांचा जन्म ११ मार्च १८९० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील एव्हरेट या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरची श्रीमंती नव्हती, आणि लहानपणी व्हॅनीवरची प्रकृतीही यथातथाच होती. आजारपणात बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले. मात्र गणितात डोके विलक्षण चालत असे, आणि हातांना स्वस्थ बसणे ठाऊक नव्हते. पुढे टफ्ट्‌स महाविद्यालयात त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर पदवी असे दोन्ही अभ्यासक्रम मिळून चार वर्षांत, म्हणजे १९१३ साली पूर्ण केले.

विद्यार्थी असतानाच त्यांनी पहिले यंत्र बनवले. जमिनीचा चढउतार मोजायचा तर त्या काळी सर्वेक्षकांना दुर्बीण, पट्टी, वही आणि दोन-तीन माणसे लागत. बुश यांनी सायकलच्या धाटणीच्या दोन चाकांमध्ये एक पेटी बसवली. गवत कापण्याचे यंत्र ढकलावे तसे ते जमिनीवरून ढकलत न्यायचे. पेटीतील कागदावर त्या जमिनीचा उंचसखल आराखडा आपोआप रेखाटला जाई. १९१२ च्या अखेरीस त्यांना त्याचे पेटंट मिळाले. यंत्र चांगले चाले. पण एकाही कंपनीने ते विकत घेतले नाही. कल्पक यंत्र बनवणे ही निम्मीच लढाई आहे. ते कोणाच्या कामात कसे बसणार, याचा विचार ही उरलेली निम्मी. हा धडा त्यांना विशी ओलांडताच मिळाला आणि तो ते कधी विसरले नाहीत.

या पहिल्या यंत्रातच पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज होते, असे म्हणायला हरकत नाही. माणूस एका हाताने मोजतो आणि दुसऱ्या हाताने नोंद करतो, यात वेळ जातो आणि चुका होतात. नोंदीचे कष्ट यंत्राने उचलावेत आणि माणसाने विचार करावा, हे सूत्र तेव्हापासून त्यांच्या मनात पक्के बसले.

पदवीनंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी लागली. पण कारखान्याला लागलेल्या आगीनंतर जी कपात झाली तिच्यात ती गेलीही. मग शिक्षकी केली, आणि १९१६ साली एमआयटी आणि हार्वर्ड या दोन संस्थांची संयुक्त डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी फीबी डेव्हिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्याचे एक चुंबकीय उपकरण त्यांनी तयार केले. लाकडी जहाजावरून ते व्यवस्थित चाले; नौदलाला ते पोलादी विनाशिकांवर हवे होते, आणि तिथे ते चालेना. शास्त्रज्ञ आणि सेनाधिकारी यांच्यात वेळीच संवाद झाला असता तर हे टळले असते, असे त्यांचे मत झाले. सैन्याच्या गरजा आणि विज्ञानाची वाट यांना जोडणारा दुवा हवा, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली.

१९१९ साली ते एमआयटीत प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९२२ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक कंपनी काढली. रेडिओ संचाला महागड्या बॅटऱ्यांऐवजी घरातल्या विजेवर चालवणारी नळी हे या कंपनीचे पहिले मोठे यश. तीच कंपनी पुढे रेथिऑन या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

पोलादाचे दांडे आणि न सुटणारी गणिते

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत विजेचे जाळे विस्तारत होते. दूरवर नेलेल्या तारांमध्ये अचानक बिघाड झाला तर काय होईल, याचे गणित मांडता येई. पण ते सोडवायला माणसांना महिनेच्या महिने लागत. बुश आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी एक अजस्र यंत्र उभारले. १९३१ साली पूर्ण झालेले हे यंत्र म्हणजे ‘डिफरन्शिअल अ‍ॅनलायझर’. खोलीभर पसरलेले पोलादी दांडे, दातेरी चाके, फिरत्या तबकड्या आणि त्यांवर घासत चालणारी छोटी चाके असा त्याचा पसारा होता. या यंत्राला अंक ठाऊक नव्हते. दांडा किती फिरला, हेच त्याचे उत्तर. पुढे १९४२ साली कार्यान्वित झालेल्या त्याच्या मोठ्या भावंडाचे वजन सुमारे शंभर टन होते आणि त्यात सुमारे दोन हजार निर्वात नळ्या व दीडशे मोटारी होत्या.

या यंत्रांच्या देखभालीसाठी १९३६ साली एमआयटीत एक तरुण विद्यार्थी आला. त्याचे नाव क्लॉड शॅनन. यंत्राच्या नियंत्रणासाठी वापरलेल्या विद्युत-स्विचांच्या मंडलांचा अभ्यास करताना त्याला एक गोष्ट उमगली. स्विच चालू आणि बंद या दोनच अवस्थांत असतो, आणि तर्कशास्त्रातही सत्य आणि असत्य अशा दोनच अवस्था असतात. म्हणजे स्विचांच्या जोडणीतून तर्क चालवता येईल. १९३७ साली त्याने लिहिलेला हा प्रबंध पुढे अंकीय संगणकाच्या पायाचा एक दगड ठरला. बुश यांच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राच्या सावलीतच, त्या यंत्राला कालबाह्य करणारी कल्पना जन्मली.

कात्रण कुठल्या पाकिटात ठेवायचे?

१९३० नंतरच्या दशकात बुश यांना एका वेगळ्याच प्रश्नाने घेरले. गणिते सुटत होती, प्रयोग होत होते, शोधनिबंध छापले जात होते. पण ते वाचणार कोण? एकाच विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञालाही आपल्या विषयात काय छापून आले, हे कळेनासे झाले होते. ज्ञान कमी पडत नव्हते. सापडत नव्हते.

वृत्तपत्राच्या कचेरीत ज्यांनी जुना कात्रण विभाग पाहिला असेल, त्यांना ही अडचण चटकन समजेल. कोयनेच्या भूकंपाचे एक कात्रण आहे. ते ‘भूकंप’ असे लिहिलेल्या पाकिटात ठेवायचे, की ‘धरणे’ या, की ‘पुनर्वसन’ या? कात्रण एकच, त्यामुळे पाकीटही एकच. ठेवणाऱ्याने एक विचार केला आणि शोधणाऱ्याने दुसरा, की कात्रण असूनही नसल्यासारखे. ग्रंथालयांच्या वर्गीकरणाबद्दल बुश यांची नेमकी हीच तक्रार होती. माणसाचे मन वर्णानुक्रमे किंवा वर्गवारीने चालत नाही. ते एका गोष्टीवरून दुसरीकडे उडी घेते. वास आला की गाव आठवते, गावावरून माणूस, माणसावरून एखादे राहून गेलेले काम. मग नोंदी ठेवण्याचे यंत्रही तसेच का चालू नये?

त्यांनी आधी एक मर्यादित यंत्र करून पाहिले. पुस्तकाची पाने अतिशय लहान आकारात छायाचित्रित केलेली मायक्रोफिल्मची गुंडाळी वेगाने फिरवायची, प्रत्येक पानाशेजारी ठिपक्यांच्या सांकेतिक खुणा ठेवायच्या, आणि हवी ती खूण दिसली की प्रकाशविद्युत घटाने ते पान नेमके टिपायचे. या ‘रॅपिड सिलेक्टर’वर एमआयटीत १९३८ पासून काम सुरू झाले. याच सुमारास, १९३९ साली, त्यांनी एका लेखाचा खर्डा केला. त्यात मोठ्या ग्रंथालयाऐवजी एकट्या माणसाच्या टेबलात मावणाऱ्या यंत्राची कल्पना होती. पण तो खर्डा तसाच पडून राहिला, कारण त्या वर्षी युरोपात युद्ध पेटले.

एका पानाचा कागद आणि सहा हजार शास्त्रज्ञ

१९३९ च्या आरंभी बुश वॉशिंग्टनला कार्नेगी संस्थेचे अध्यक्ष म्हणून आले होते. पहिल्या महायुद्धातले पाणबुडीचे प्रकरण ते विसरले नव्हते. १२ जून १९४० रोजी, फ्रान्स कोसळण्याच्या बेतात असताना, ते अध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले. हातात एका पानाचा प्रस्ताव होता: शास्त्रज्ञांची एक स्वतंत्र यंत्रणा उभारावी, ती सेनाधिकाऱ्यांच्या हाताखाली नसावी, थेट अध्यक्षांना जबाबदार असावी. पंधरा मिनिटांच्या आत त्यावर मंजुरीची स्वाक्षरी झाली.

त्यातून पुढे १९४१ साली वैज्ञानिक संशोधन आणि विकास कार्यालय स्थापन झाले आणि बुश त्याचे प्रमुख झाले. सुमारे सहा हजार शास्त्रज्ञ त्यांच्या छत्राखाली कामाला लागले. रडार, लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप फुटणारे तोफगोळे, पेनिसिलीनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन अशा अनेक कामांमागे ही यंत्रणा होती. आणि तिच्यातच एक अत्यंत गुप्त काम होते. युरेनियमच्या विभाजनातून बॉम्ब बनू शकतो का, याचा अभ्यास प्रथम बुश यांच्या देखरेखीखाली होता. १९४१ च्या ऑक्टोबरात त्यांनी रूझवेल्ट यांच्यापुढे त्याची शक्यता मांडली. पुढल्या वर्षी हे काम लष्कराकडे सोपवले गेले. पण त्यातून बुश बाहेर पडले नाहीत. धोरण ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत ते अखेरपर्यंत होते.

या काळातल्या बुश यांचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. तोंडात पाइप, बोलणे थोडके आणि रोखठोक, निर्णय झटपट. त्यांच्या टेबलावर रोज देशभरातून अहवाल येत, त्यांतले बहुतेक गुप्त. एका प्रयोगशाळेतल्या माणसाला दुसऱ्या प्रयोगशाळेत काय चालले आहे, ते कळू द्यायचे नाही, हाच नियम. ज्या माणसाला ज्ञानाचे तुटलेले धागे जोडायचे होते, त्यालाच चार-पाच वर्षे ते धागे मुद्दाम तोडून ठेवण्याचे काम करावे लागले.

१९४५ चा जुलै

युद्ध संपत आले, तेव्हा बुश यांनी तो जुना खर्डा बाहेर काढला. १९४५ च्या जुलै महिन्यात ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात ‘अ‍ॅज वुई मे थिंक’ या नावाने त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच महिन्याच्या १६ तारखेला पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. तिला बुश हजर होते. तीन आठवड्यांनी हिरोशिमा झाले. वाचक तो लेख हातात घेऊन बसले होते, तेव्हा लेखकाने जगाला काय दिले आहे, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

लेखाचा प्रश्न साधा होता. युद्ध संपल्यावर शास्त्रज्ञांनी कशाला हात घालावा? बुश यांचे उत्तर होते, माणसाने हजारो वर्षे साठवलेले ज्ञान माणसाच्या हाताशी आणण्याच्या कामाला. उदाहरण त्यांनी मेंडेलचे दिले. आनुवंशिकतेचे नियम मेंडेलने शोधले, ते छापूनही आले. पण ज्यांना ते समजले असते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि एक पिढीभर जग त्यांना मुकले. अशा आणखी किती गोष्टी कागदांच्या ढिगाखाली गाडल्या जात असतील, हा त्यांचा सल होता.

यावर त्यांनी सुचवलेल्या यंत्राला नाव दिले ‘मेमेक्स’. वरवर पाहता ते लिहिण्याचे एक टेबल. वर तिरके, अर्धपारदर्शक पडदे, एक कळफलक, काही बटणे आणि तरफा. टेबलाच्या एका भागात मायक्रोफिल्मवर माणसाची सारी पुस्तके, पत्रे, नोंदी. रोज पाच हजार पाने घातली तरी ते भरायला शेकडो वर्षे लागावीत, असा त्यांचा हिशेब. पडद्यावर पान आणायचे, समासात आपले टिपण लिहायचे. फिरतीवर असणाऱ्या शास्त्रज्ञासाठी कपाळावर बांधायचा अक्रोडाएवढा कॅमेराही त्यांनी कल्पिला होता. बघितले की टिपले.

पण मेमेक्सचा प्राण साठवणुकीत नव्हता. तो होता दोन पाने जोडण्यात. बुश यांनी एका अभ्यासकाचे उदाहरण घेतले. धर्मयुद्धांच्या काळात तुर्कांचे आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले, हे त्याला शोधायचे आहे. तो ज्ञानकोशातली एक नोंद काढतो, इतिहासाच्या पुस्तकातले एक पान काढतो, आणि कळ दाबून दोन्हींची गाठ बांधतो. मग लवचीकतेच्या भौतिकशास्त्राकडे एक फाटा काढतो, मध्ये स्वतःचे हस्तलिखित पान घालतो. अशी एक वाट तयार होते आणि तिला तो नाव देतो. वर्षानुवर्षांनी मित्राशी बोलताना विषय निघतो, तेव्हा नाव दाबताच सारी वाट पुन्हा पडद्यावर उलगडते. इतकेच नव्हे, त्या वाटेची प्रत काढून मित्राच्या मेमेक्समध्ये घालता येते. अशा वाटा पाडून देणे हाच पुढे काही लोकांचा व्यवसाय होईल, असेही बुश यांना वाटत होते.

१० सप्टेंबर १९४५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात हा लेख संक्षिप्त रूपात आणि चित्रांसह पुन्हा छापला गेला. चित्रात ते टेबल इतके खरे दिसे, की ते कुठेतरी तयार होत असावे, असेच वाटावे. ते कुठेही तयार होत नव्हते.

हुकलेले अंदाज

अशा माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या चुकांवर पांघरूण घालण्याचा मोह होतो. बुश यांच्या बाबतीत तसे करू नये, कारण त्या चुका बोलक्या आहेत. १९४० साली नॉर्बर्ट वीनर यांनी त्यांना इलेक्ट्रॉनिक, अंकांवर चालणाऱ्या गणनयंत्राचा प्रस्ताव पाठवला होता. युद्धात त्याचा उपयोग होण्याइतक्या लवकर ते तयार होणार नाही, असे ठरवून बुश यांनी तो बाजूला ठेवला. युद्धानंतर दूर पल्ल्याची अचूक क्षेपणास्त्रे इतक्यात शक्य नाहीत, असे त्यांनी सांगितले. तोही अंदाज खोटा ठरला. मेमेक्स तर पूर्णपणे मायक्रोफिल्मवर बेतलेला होता, आणि ते तंत्र या कामासाठी टिकले नाही. रॅपिड सिलेक्टरची पुढली आवृत्ती १९४९ साली अमेरिकी कृषी खात्याच्या ग्रंथालयात आली. तीही यशस्वी झाली नाही.

सर्वांत बोलकी चूक आणखी वेगळी आहे. मायक्रोफिल्मवरच्या खुणा प्रकाशविद्युत घटाने ओळखून पान शोधायचे, ही कल्पना बुश यांच्या आधी जर्मनीत ड्रेस्डेन येथील एमानुएल गोल्डबर्ग यांनी प्रत्यक्षात आणली होती. गोल्डबर्ग झाइस इकॉन या कॅमेरा कंपनीचे प्रमुख होते. १९३१ च्या अखेरीस त्यांना त्याचे अमेरिकी पेटंटही मिळाले होते. १९३३ साली नाझींनी त्यांचे अपहरण करून त्यांना पद सोडायला लावले. ते देश सोडून गेले आणि १९३७ साली पॅलेस्टाइनमध्ये स्थायिक झाले. बुश यांच्या लेखात त्यांचा उल्लेख नाही. मेंडेलचे काम हरवले म्हणून खंत करणाऱ्या लेखातच दुसरे एक काम हरवलेले होते. बुश यांच्या म्हणण्याचा याहून मोठा पुरावा कोणता असू शकेल?

युद्धानंतर

त्याच १९४५ च्या जुलैत बुश यांचा दुसरा दस्तऐवजही प्रसिद्ध झाला. शांततेच्या काळात सरकारने विज्ञानासाठी काय करावे, असे रूझवेल्ट यांनी त्यांना आदल्या वर्षी विचारले होते. उत्तर येईपर्यंत रूझवेल्ट हयात नव्हते. अहवाल अध्यक्ष ट्रुमन यांच्या हाती पडला. मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, पण काय शोधायचे हे शास्त्रज्ञांना ठरवू द्यावे, असे त्याचे सार होते. संस्थेवर अध्यक्षांचे नियंत्रण किती असावे यावर वाद झाला, १९४७ सालचे विधेयक ट्रुमन यांनी नाकारले, आणि अखेर १९५० साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले. पण तोवर बुश यांचे सत्तेतले वजन ओसरू लागले होते.

१९५२ साली पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी पुढे ढकलावी, त्याआधी अशा चाचण्या थांबवण्याचा करार होतो का ते पाहावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांचे ऐकले गेले नाही. नोव्हेंबरात चाचणी झाली. १९५४ साली रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या निष्ठेवर शंका घेऊन चौकशी सुरू झाली, तेव्हा बुश यांनी त्यांच्या बाजूने ठाम साक्ष दिली. मत मांडले म्हणून माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये, अशी त्यांची भूमिका होती. निकाल ओपेनहायमर यांच्या विरोधात गेला.

कार्नेगी संस्थेतून १९५५ साली निवृत्त होऊन बुश मॅसॅच्युसेट्सला परतले. मेमेक्स मनातून गेला नव्हता. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहात त्यांनी त्या कल्पनेचा पुन्हा आढावा घेतला. एव्हाना संगणक आले होते, पण ते संस्थांचे होते. एकट्या माणसाचे यंत्र अजूनही दूरच होते.

फिलिपिन्समधला वाचक

आणि तरीही ती कल्पना वाया गेली नव्हती. १९४५ साली फिलिपिन्समध्ये तैनात असलेल्या अमेरिकी नौदलातल्या एका वीस वर्षांच्या रडार तंत्रज्ञाला रेड क्रॉसच्या छोट्याशा वाचनालयात मेमेक्सचा लेख सापडला. त्याचे नाव डग्लस एंगलबार्ट. लेख त्याच्या मनात मुरत राहिला. १९६२ साली त्याने बुश यांना पत्र लिहून त्या लेखाचे ऋण कळवले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात माऊस होता, पडद्यावर लिहिणे होते आणि एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात नेणारे दुवे होते. टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. त्यांनीही बुश यांचे ऋण मानले. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जगभरच्या संगणकांना जोडणाऱ्या वेबचा प्रस्ताव मांडला, आणि दुवा ही गोष्ट घरोघर पोहोचली.

बुश यांना एवढे पाहायला मिळाले नाही. पत्नी १९६९ साली गेल्या. २८ जून १९७४ रोजी, ८४ व्या वर्षी, बेलमॉन्ट येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी घरगुती संगणक बाजारात यायचा होता.

वाट कोणाची?

आज मेमेक्सपेक्षा कितीतरी अधिक माहिती खिशातल्या फोनमध्ये मावते. साठवणुकीचा प्रश्न सुटला, शोधण्याचाही बव्हंशी सुटला. पण बुश ज्याला वाट म्हणत होते, ती वेबवरच्या दुव्यासारखी नाही. वेबवरचा दुवा दुसऱ्या कोणीतरी घातलेला असतो, एकाच दिशेला जातो आणि पलीकडचे पान काढून टाकले की तुटतो. बुश यांची वाट वाचणाऱ्याने स्वतः पाडलेली होती, तिला नाव होते आणि ती पुसली जात नव्हती.

सुट्टीच्या दिवशी स्वतःची टिपणवही लिहायला बसणारा हौशी प्रोग्रामर नकळत तिथेच पोहोचतो. तो टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतो, म्हणजे दहा वर्षांनी अ‍ॅप राहिले नाही तरी टिपणे राहतील. एखादा शब्द दुहेरी चौकटी कंसात लिहिला की त्या नावाच्या टिपणाशी दुवा जोडला जावा, अशी सोय करतो. मग त्याच्या लक्षात येते, की दुवा उलटाही दिसायला हवा. म्हणजे या टिपणाकडे कोणकोणती टिपणे बोट दाखवतात, तेही कळायला हवे. त्यासाठी तो साऱ्या फायली चाळून एक सूची बांधतो. कोयनेचे कात्रण आता तीन पाकिटांत एकाच वेळी ठेवता येते. काम तसे शे-दोनशे ओळींचे. बुश यांना त्यासाठी पोलाद, काच, मायक्रोफिल्म आणि बहुधा एखादी प्रयोगशाळा लागली असती, आणि तरीही ते जमले नसते.

एक गोष्ट मात्र यंत्र तेव्हाही करणार नव्हते आणि आजही करू नये, असे या आयुष्याकडे पाहून वाटते. दोन टिपणांची गाठ कुठे बांधायची, हे ठरवणे. अलीकडे तेही काम यंत्रावर सोपवता येते. साऱ्या टिपणांचा गोषवारा ते क्षणात काढून देते. सोय मोठी आहे. पण धनुष्याच्या अभ्यासकाला उत्तर सापडले ते इतिहासाचे पान आणि भौतिकशास्त्राचे पान शेजारी ठेवावे, हे त्याला सुचले म्हणून. पाने यंत्राने आणली. शेजारी त्याने ठेवली.

महायुद्धातल्या एका मोठ्या यंत्रणेचा कारभार केलेल्या बुश यांना हे ठाऊक होते. हजारो माणसे कामाला लावून बॉम्ब बनवता येतो, पण विचार करायला शेवटी एकच माणूस आपल्या टेबलाशी बसतो. त्यांनी ते टेबल फक्त कागदावर मांडले. ते बनवायचे काम, प्रत्येकाने आपापले, अजून चालूच आहे.